हरणारा संघ बंद करावा का? आधी भाडेकरार वाचा

प्रश्न विचारणारे गृहस्थ शिकागोत राहतात. मुलगा बारा वर्षांचा, तिथल्या व्हाइट सॉक्स या बेसबॉल संघाचा भक्त. २०२४ साली हा संघ १६२ पैकी १२१ सामने हरला. आधुनिक काळात मेजर लीगमध्ये, म्हणजे अमेरिकी बेसबॉलच्या सगळ्यात वरच्या स्पर्धेत, एका हंगामात इतके सामने कुणीच हरलेलं नव्हतं. पुढच्याच वर्षी कोलोरॅडो रॉकीज ११९ हरले. या गृहस्थांचं म्हणणं असं: असले दोन-तीन संघ सरळ बंद करावेत, त्यांचे चांगले खेळाडू बाकीच्यांत वाटून टाकावेत, खेळाचा दर्जा आपोआप वाढेल. आयपीएलने कोची आणि पुणे काढलेच की. युरोपातल्या फुटबॉलमध्ये तर तळाचे संघ दर वर्षी खालच्या श्रेणीत ढकलतात. मग बेसबॉलला कसली भीती?

आधी माझी जागा सांगते. मी बेसबॉल कधी खेळलेले नाही. पिचरच्या हातातून सुटलेला चेंडू कर्व्ह होता की स्लायडर, हे आजही मी शेजारच्याला विचारते. माझं काम कागदाचं. गेली एकोणीस वर्षं मी अमेरिकेतल्या काउंट्या आणि लहान शहरांसाठी स्टेडियमचे भाडेकरार तपासते. मैदान कोणाच्या मालकीचं, कर्जरोखे कोणाच्या नावावर, संघ किती वर्षं तिथे खेळायला बांधील आहे, आणि उद्या तो उठून गेला तर कोणी किती भरायचे, हे बघायचं. त्यामुळे माझं उत्तर प्रेक्षकाचं कमी आणि घरमालकाच्या मुनिमाचं जास्त असेल.

तुम्ही 'डबघाईला आलेले संघ' म्हणता, पण त्या एका गाठोड्यात तीन वेगळी दुखणी बांधलेली आहेत. एक, मैदानावर हरणं. दोन, मालकाने पैसा न लावणं. तीन, ज्या गावात संघ आहे तिथे मैदान, प्रेक्षक किंवा टीव्हीचा पैसा पुरेसा नसणं. तिन्ही एकाच संघात असू शकतात, पण औषध प्रत्येकाचं वेगळं. संघ बंद करणं हे पहिल्या दुखण्यावरचं औषध तर अजिबात नव्हे.

पहिलं दुखणं लवकर उरकते. न्यूयॉर्क मेट्स १९६२ साली, पहिल्याच हंगामात, १२० सामने हरले आणि १९६९ साली जगज्जेते झाले. डेट्रॉइट टायगर्स २००३ मध्ये ११९ हरले आणि २००६ मध्ये वर्ल्ड सिरीज, म्हणजे हंगामाची अंतिम मालिका, खेळले. ह्यूस्टन अॅस्ट्रोज २०११ ते २०१३ अशी सलग तीन वर्षं शंभराहून जास्त सामने हरले, २०१७ साली विजेते. बाल्टिमोर ओरिओल्स २०२१ मध्ये ११० हरले, २०२३ मध्ये १०१ जिंकले. यातल्या काहींनी तर ठरवून हरून घेतलं, कारण तळाच्या संघाला ड्राफ्टमध्ये उत्तम नवखे खेळाडू आधी उचलता येतात. हा लबाडीचा रस्ता थोडा अरुंद व्हावा म्हणून २०२३ च्या ड्राफ्टपासून वरच्या सहा जागांसाठी सोडत काढायला सुरुवात झाली. तुमच्या सॉक्सलाच त्याचा चटका बसला. १२१ सामने हरूनही नियमामुळे २०२५ च्या ड्राफ्टमध्ये त्यांना दहाव्या जागेच्या वर चढता आलं नाही. म्हणजे लीगचा सारा डोलाराच 'तळाचा उद्या वर येईल' या हिशेबावर उभा आहे. ज्या वर्षी संघ तळाला गेला त्याच वर्षी त्याला गाडून टाकायचा, तर मेट्स आणि अॅस्ट्रोज दोन्ही आज नसते.

शिवाय साधी आकडेमोड करा. ३० संघ, प्रत्येकी १६२ सामने, म्हणजे एकूण २,४३० सामने आणि तितकेच पराभव. दोन संघ काढले तर २,२६८ सामने उरतात, आणि पराभव बरोबर २,२६८. तळाला कुणीतरी असणारच. दर्जाचं म्हणाल तर एका संघात २६ खेळाडू, तीस संघांत ७८०. दोन संघ गेले की ५२ नोकऱ्या जातात, शेकड्याला सातही नाहीत. आणि वाईट संघातले चांगले खेळाडू अडकून पडत नाहीत. सॉक्सचा गॅरेट क्रोशे २०२४ च्या डिसेंबरातच बोस्टनला गेला. वाटप चालूच असतं, त्यासाठी संघ मारावा लागत नाही.

आता खऱ्या विषयाकडे येते. संघ बंद करण्याला या धंद्यात 'कंट्रॅक्शन' म्हणतात, आणि हा शब्द मी पहिल्यांदा ऐकला तो अमेरिकेत येऊन तीन महिने झाले होते तेव्हा. २००१ च्या ऑगस्टमध्ये मी मिनेसोटा विद्यापीठात सार्वजनिक धोरण शिकायला आले. ४ नोव्हेंबरला वर्ल्ड सिरीजचा सातवा सामना झाला, अॅरिझोना जिंकलं. ६ नोव्हेंबरला मालकांची बैठक झाली आणि २८ विरुद्ध २ मतांनी ठरलं की पुढच्या हंगामाआधी दोन संघ बंद करायचे. लीगचे प्रमुख, म्हणजे कमिशनर, बड सीलिग यांनी नावं सांगितली नाहीत, पण पोराटोरांनाही ठाऊक होतं: मॉन्ट्रियल एक्स्पोज आणि आमचे मिनेसोटा ट्विन्स. 'आमचे' म्हणायला मला अजून अधिकार नव्हता, पण ज्या घरात मी खोली घेऊन राहत होते तिथल्या आजीबाई त्या संध्याकाळी जेवल्या नाहीत, एवढं आठवतं.

आता गंमत बघा. ट्विन्स काही रद्दी संघ नव्हता. १९८७ आणि १९९१ चे ते विजेते. मधली आठ वर्षं वाईट गेली होती, पण २००१ साली त्यांनी ८५ सामने जिंकले होते, फक्त ७७ हरले होते. हरण्याचा प्रश्नच नव्हता. मालक कार्ल पोलाड यांना नवं स्टेडियम हवं होतं आणि राज्याचं विधिमंडळ वर्षानुवर्षं पैसे द्यायला तयार नव्हतं. संघ बंद झाला असता तर पोलाडना बाकीच्या मालकांकडून गलेलठ्ठ भरपाई मिळणार होती. संघ वाईट म्हणून मारायचा, ही फक्त सांगायची गोष्ट होती.

अडवलं कोणी? एका भाडेकराराने. मेट्रोडोम या स्टेडियमची मालकी असलेल्या सार्वजनिक आयोगाने कोर्टात धाव घेतली. ट्विन्स २००२ चा हंगाम तिथेच खेळायला करारानं बांधील होते. संघाचा बचाव असा की करार मोडला तर आम्ही नुकसान भरून देऊ, विषय संपला. पण मेख अशी की करारात ट्विन्सना भाडंच नव्हतं. आयोगाला मिळणार होता तो खाण्यापिण्याच्या आणि जाहिरातींच्या उत्पन्नातला वाटा, आणि मुख्य म्हणजे सामने होणं. मग नुकसान मोजायचं कशात? न्यायाधीश हॅरी क्रम्प यांनी १६ नोव्हेंबरला हुकूम दिला: हे नुकसान पैशांत भरून येण्यासारखं नाही, २००२ चे सामने इथेच खेळा. जानेवारीत अपील न्यायालयानेही तो कायम ठेवला. ५ फेब्रुवारीला सीलिग यांनी जाहीर केलं की यंदा कंट्रॅक्शन नाही.

वर्गात आम्हाला तो हुकूम वाचायला दिला होता. बाकीची पोरं भावनिक परिच्छेदांखाली रेघा मारत होती. मी मात्र 'भाडं शून्य' या मुद्द्यापाशी अडकले. संघाला फुकट जागा दिली ही आयोगाची कमजोरी वाटत होती, आणि तीच कोर्टात त्याची ढाल झाली. त्या दिवशी माझा धंदा ठरला, म्हणायला हरकत नाही.

पुढे काय झालं तेही ऐका. मरता मरता वाचलेले ट्विन्स २००२ मध्ये ९४ सामने जिंकून आपल्या गटात पहिले आले. एक्स्पोजना कुणी मालक उरला नव्हता, लीगनेच तो संघ १२ कोटी डॉलरला विकत घेतला होता, तरी ते ८३ जिंकून गटात दुसरे आले. ३० ऑगस्ट २००२ ला खेळाडू संघटनेशी नवा करार झाला, त्यात २००६ पर्यंत कुठलाही संघ बंद करायचा नाही असं कलम पडलं. कार्यक्रम बारगळला.

एक्स्पोजचं मात्र खरंच वाईट होतं, हे लपवणार नाही. १९९४ च्या ऑगस्टमध्ये खेळाडूंचा संप सुरू झाला तेव्हा ते ७४ विजय आणि ४० पराभवांवर होते, सगळ्या मेजर लीगमध्ये पहिले. तो हंगाम पुरा झालाच नाही. पुढच्या वसंतात त्यांचे चार मोठे खेळाडू गेले, कारण पगार परवडत नव्हते. मग उतरण लागली. २००० साली इंग्रजीतून रेडिओ किंवा टीव्हीचा करारसुद्धा नव्हता. २००१ साली सामन्याला सरासरी आठ हजारही माणसं येत नव्हती, तीही ऑलिम्पिकसाठी बांधलेल्या त्या प्रचंड काँक्रीटच्या कढईत. २००३ आणि २००४ साली तर 'घरचे' वीसहून जास्त सामने प्वेर्तो रिकोच्या सान हुआनमध्ये नेऊन खेळवले. बंद करायचाच तर याहून योग्य उमेदवार सापडला नसता.

पण २००५ साली तो वॉशिंग्टनला गेला, नाव झालं नॅशनल्स, आणि २००६ साली लीगने तोच संघ ४५ कोटी डॉलरला विकला. १२ चे ४५. बंद केला असता तर बाकीच्या मालकांच्या हाती फक्त खर्च राहिला असता. नॅशनल्स २००८ आणि २००९ मध्ये प्रत्येकी शंभरावर सामने हरले, त्यातून ड्राफ्टमध्ये पहिल्या जागेवर स्टीफन स्ट्रासबर्ग मिळाला, आणि २०१९ च्या वर्ल्ड सिरीजमध्ये सर्वोत्तम खेळाडू ठरला तो हाच. मॉन्ट्रियलच्या लोकांना यातलं काही सांगू नका. त्यांच्यासाठी संघ मेलाच. आणि वॉशिंग्टनच्या करदात्यांनी नव्या स्टेडियमचा बहुतेक सगळा खर्च उचलला, हाही हिशेबातला भाग आहे.

मग संघ खरोखर बंद केल्याचं उदाहरण आहे का? आहे, आणि ते फार बोलकं आहे. १८९९ साली नॅशनल लीगमध्ये १२ संघ होते. तेव्हा एकाच मालकाला दोन संघ ठेवता येत. क्लीव्हलँड स्पायडर्सचे मालक रॉबिसन बंधू यांनी सेंट लुइसचाही संघ घेतला आणि साय यंगसकट सगळे चांगले खेळाडू तिकडे हलवले. क्लीव्हलँडला गाळ उरला. हिशेब: २० विजय, १३४ पराभव. प्रेक्षक इतके थोडे की पाहुण्या संघांना तिकिटांच्या वाट्यातून प्रवासखर्चही सुटेना, म्हणून त्यांनी क्लीव्हलँडला यायलाच नकार दिला. बिचारे स्पायडर्स ११२ सामने बाहेरगावी खेळले आणि त्यातले १०१ हरले. तुमच्या सॉक्सच्या विक्रमाला 'आधुनिक काळातला' हे विशेषण लावतात ते यांच्यामुळे.

लीगने मग स्वच्छता मोहीम काढली. १९०० साली क्लीव्हलँड, बाल्टिमोर, वॉशिंग्टन आणि लुइव्हिल हे चार संघ काढून टाकले, उरले आठ. कागदावर उत्तम. पण १९०१ साली बॅन जॉन्सन नावाच्या माणसाने आपली अमेरिकन लीग ही दुसरी मेजर लीग असल्याचं जाहीर केलं, आणि तिच्या आठ शहरांत तीन कोणती होती? क्लीव्हलँड, बाल्टिमोर, वॉशिंग्टन. रिकामी मैदानं, हळहळणारे प्रेक्षक आणि बेकार झालेले खेळाडू त्याला आयते मिळाले. साय यंगही त्याच वर्षी अमेरिकन लीगमधल्या बोस्टनला गेला आणि १९०३ च्या पहिल्या वर्ल्ड सिरीजमध्ये नॅशनल लीगच्या पिट्सबर्गविरुद्ध जिंकला. आठ संघांची मक्तेदारी टिकवायला गेलेल्यांनी स्वतःच्या हाताने प्रतिस्पर्ध्याला जागा करून दिली. आमच्या सांगली-कोल्हापूरकडे दोन साखर कारखान्यांत २५ किलोमीटर हवाई अंतर लागतं. बेसबॉलमध्येही प्रत्येक संघाचा असा राखीव टापू असतो. टापू राखायचा तर तिथे गाळप चालू ठेवावं लागतं. कारखाना बंद ठेवून टापू धरून बसलात, तर कोणीतरी गुऱ्हाळ टाकतंच.

पैशाची बाजूही थोडी सांगते, कारण मालकांना हा मोह का होतो ते कळायला हवं. राष्ट्रीय टीव्ही हक्कांचा पैसा सगळ्यांत सारखा वाटला जातो. तीस वाटेकऱ्यांत शंभरातले ३.३३ येतात, अठ्ठावीसात ३.५७. वाटा सात टक्क्यांनी वाढतो. पण दोन संघ विकत घेऊन बुजवायचे तर किंमत मोजा. २०२४ साली ओरिओल्स १७२ कोटी डॉलरला विकले गेले. तसले दोन घेतले तर साडेतीनशे कोटींच्या आसपास, म्हणजे उरलेल्या प्रत्येक मालकाला बारा कोटींवर भुर्दंड. त्यापेक्षा नव्या शहरांना दोन संघ विकून प्रवेश-फी वाटून घेणं कितीतरी गोड. म्हणूनच सध्याचे कमिशनर रॉब मॅनफ्रेड ३२ संघांच्या गोष्टी करतात, २८ च्या नाही.

आयपीएलचं म्हणाल तर तुमचं उदाहरण माझ्याच बाजूचं आहे. कोचीला २०११ साली काढलं ते बँक हमी दिली नाही म्हणून. पुणे वॉरियर्सही २०१३ साली बँक हमीच्या वादातच गेले. हरण्यामुळे नाही, त्या हंगामात पुण्याच्याही खाली, सगळ्यात तळाला, दिल्ली होती आणि दिल्ली आजही खेळते. आणि कोची बंद करणं स्वस्त पडलं असं समजू नका. लवादाने कोचीच्या मालकांच्या बाजूने दिलेला निवाडा मुंबई उच्च न्यायालयाने २०२५ साली कायम ठेवला, रक्कम पाचशे कोटी रुपयांच्या वर. जो संघ एकच हंगाम खेळला, त्याचा हिशेब चौदा वर्षांनंतर कोर्टात चालू होता.

युरोपसारखं खाली ढकलणं इथे का जमत नाही, हे दोन वाक्यांत: तिथे खालच्या श्रेणीतला क्लब स्वतंत्र असतो, त्याचे खेळाडू त्याचे असतात. इथे मायनर लीगच्या, म्हणजे खालच्या पातळीवरच्या, संघातले खेळाडू वरच्या संघाच्या पगारावर असतात, त्यामुळे 'वर चढायला' खाली स्वतंत्र कुणी नाहीच.

बंद करण्याच्या विरोधात सगळ्यात जोरदार आवाज माझ्या मते जपानमध्ये उठला. २००४ साली किंतेत्सु बफेलोज आणि ओरिक्स ब्लूवेव्ह या दोन संघांचं विलीनीकरण ठरलं, आणि मालकांचा डाव दोन लीगची एकच लीग करण्याचा होता. खेळाडू संघटनेचा अध्यक्ष आत्सुया फुरुता याने १८ आणि १९ सप्टेंबरला संप घडवून आणला. जपानी व्यावसायिक बेसबॉलच्या सत्तर वर्षांतला तो पहिला संप, आणि प्रेक्षक खेळाडूंच्या बाजूने. विलीनीकरण थांबलं नाही, पण पुढच्या हंगामात नवा संघ घ्यायला मालक तयार झाले. सेंदाई शहरात राकुतेन गोल्डन ईगल्स उभा राहिला. पहिल्या वर्षी ३८ विजय, ९७ पराभव. तुमच्या नियमाने लगेच बंद करण्याजोगा. २०११ च्या भूकंप-त्सुनामीत तो सारा भाग उद्ध्वस्त झाला, आणि २०१३ साली हाच संघ जपानचा विजेता झाला. त्या हंगामात मासाहिरो तानाका २४ सामने जिंकला, एकही हरला नाही.

इथवर वाचून वाटेल की ही बाई कुठलाच संघ बंद करू देणार नाही. तसं नाही. मायनर लीगमध्ये हे घडलंय, आणि त्यातला काही भाग मला पटतो. २०२० पर्यंत मेजर लीगशी संलग्न असे १६० मायनर संघ होते, २०२१ पासून १२० ठेवले, प्रत्येक मोठ्या संघाला चार. ड्राफ्टच्या फेऱ्या ४० वरून २० वर आल्या. कारणं खोटी नव्हती. काही मैदानांवर खेळाडूंना धड अंघोळीची सोय नव्हती, बसचे प्रवास दहा-दहा तासांचे, आणि खालच्या श्रेणीत आठवड्याला २९० डॉलर पगार. छाटणीनंतर तो ५०० झाला. पुढे खेळाडू संघटनेत आले आणि २०२३ च्या करारात तीच वर्षाची कमाई ११ हजारांवरून २६ हजारांवर गेली. थोडक्या लोकांना नीट पोसणं हा युक्तिवाद मी फेटाळू शकत नाही.

पण बिल कोणी भरलं? मिडवेस्टमधल्या एका गावाचं सांगते, नाव घेत नाही. वस्ती तीसेक हजार. विक्रीकरातून फेडायच्या कर्जरोख्यांवर त्यांनी छोटं स्टेडियम बांधलं होतं. करार मी तपासला होता. संघ दुसऱ्या गावी हलला तर दंड, मालक बदलला तर परवानगी, छप्पर गळलं तर कोण दुरुस्त करणार, सगळं घालून घेतलं. २०२० साली तो संघ यादीतून वगळला गेला. तो कुठे हलला नाही, मालक बदलला नाही, छप्परही शाबूत होतं. फक्त त्याची संलग्नता गेली. आता तिथे उन्हाळ्यात कॉलेजची मुलं खेळतात, सामने निम्म्याहून कमी, आणि दंडाचं एकही कलम लागू होत नाही, कारण 'संलग्नता गेली तर' हे वाक्यच मी लिहिलं नव्हतं. मोठ्या लीगचा करार संघाशी, संघाचा करार गावाशी. गावाचा मोठ्या लीगशी कसलाच संबंध नाही, हे दिसायला हवं होतं. गावच्या वित्त अधिकाऱ्याने फोनवर एवढंच विचारलं, "मॅडम, हप्ता डिसेंबरात भरायचाच ना?" भरायचाच होता. तेव्हापासून माझ्या प्रत्येक मसुद्यात ते वाक्य पहिल्या पानावर असतं.

तेव्हा माझी अट अशी आहे. संघ खुल्या बाजारात विकायला काढला आणि खरोखर गिऱ्हाईक मिळालं नाही. दुसरं कुठलंही शहर घ्यायला तयार नाही. खेळाडू संघटनेने मान्य केलं. आणि जुन्या स्टेडियमवर उरलेलं कर्ज लीगने स्वतः फेडलं. या चारही गोष्टी जमल्या तर करा बंद. शेजारच्या खेळात, आइस हॉकीत, १९७८ साली क्लीव्हलँड बॅरन्स हा संघ मिनेसोटा नॉर्थ स्टार्समध्ये विलीन झाला, तो या वर्णनाच्या थोडाफार जवळ जातो. मेजर लीग बेसबॉलमध्ये माझ्या उभ्या नोकरीत असा एकही संघ मी पाहिलेला नाही. जे पाहिले ते सगळे विकता येण्यासारखे होते, फक्त मालक विकायला तयार नव्हता.

आणि इथे ते दुसरं दुखणं येतं, मालकाचं. आजच्या पद्धतीत प्रत्येक संघ आपल्या स्थानिक उत्पन्नाचा ४८ टक्के हिस्सा एका हंडीत टाकतो आणि हंडी सगळ्यांत सारखी वाटली जाते. श्रीमंत संघाचं जास्त जातं, गरीबाला जास्त मिळतं. उद्देश चांगला, पण मिळालेला पैसा खेळाडूंवर लावलाच पाहिजे अशी पगाराची किमान मर्यादा नाही. त्यामुळे एखादा मालक स्वस्तात संघ चालवून, हरून, हंडीतला वाटा घेऊन आरामात राहू शकतो. माझं औषध म्हणाल तर हे: किमान पगारमर्यादा घाला, आणि सलग काही वर्षं ती न पाळणाऱ्याला विकायला भाग पाडा. संघ ठेवा, मालक बदला. खेळाडूंशी असलेला सध्याचा करार १ डिसेंबर २०२६ ला संपतो. मालकांना कमाल मर्यादा हवी आहे, खेळाडूंचा तिला कायमचा विरोध आहे, आणि किमान मर्यादेचा प्रश्न त्या भांडणातच अडकलाय. सुटेल असं छातीठोक सांगणार नाही.

राहिले तुमचे व्हाइट सॉक्स. 'संघ जाणार' ही धमकी त्यांच्याच गल्लीत एकदा गाजली आहे. १९८८ साली हा संघ फ्लोरिडातल्या सेंट पीटर्सबर्गला जायला निघाला होता. तिथे एक घुमटाचं स्टेडियम संघाशिवायच बांधायला घेतलेलं होतं. ३० जूनच्या मध्यरात्रीपर्यंत इलिनॉयच्या विधिमंडळाने नव्या स्टेडियमचं विधेयक मंजूर केलं नाही तर संघ गेला, अशी मुदत होती. मतं जमेनात. गव्हर्नर जेम्स थॉम्पसन आमदारांच्या मिनतवाऱ्या करत सभागृहात फिरत होते. शेवटी सभागृहातलं घड्याळ बारा वाजण्याआधीच थांबवलं आणि मागाहून विधेयक पास झालं. राज्याच्या पैशातून स्टेडियम उभं राहिलं, आज तुम्ही मुलाला घेऊन जाता तेच. सेंट पीटर्सबर्गच्या घुमटाला स्वतःचा मेजर लीग संघ मिळायला १९९८ साल उजाडलं.

त्या स्टेडियमचा भाडेकरार २०२९ साली संपतो. कुणी 'संघ बंद', 'संघ नॅशव्हिलला' असं म्हणायला लागलं की आधी ही तारीख आठवा. २०२८ च्या सुमारास तशा बातम्या वाढल्या तर घाबरू नका, पण तुमच्या आमदाराला एक ईमेल जरूर टाका आणि विचारा की जुन्या रोख्यांचं किती देणं बाकी आहे. तोवर तुमचा मुलगा हायस्कुलात गेलेला असेल. टोपी बदलायची की नाही ते त्याचं तो ठरवेल. मधल्या काळात रविवारच्या दुपारी पुढच्या रांगेची तिकिटं यांच्याकडे जेवढी स्वस्त मिळतात, तेवढी शहराच्या उत्तरेला कब्ज या दुसऱ्या संघाकडे मिळणार नाहीत.